एका सेकंदाचा पावसाळा

गेल्या पावसाळ्यातले सुगरणीचे २,००० फोटो मी जपून ठेवले आहेत. काढले होते याच्या कितीतरी पट, पण हललेले, पाठमोरे, पानाआड गेलेले पुसत पुसत एवढे उरले. प्रत्येक फोटोला कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतं उघडलं होतं. त्याहून जास्त वेळ उघडं राहिलं की विणणाऱ्या चोचीच्या जागी नुसता काळपट फराटा येतो. एका रात्री हे फोटो तारखेवार लावताना सहज हिशेब केला. दोन हजार फोटो, प्रत्येक सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा. गुणाकाराचं उत्तर आलं एक. एक सेकंद.

तीन आठवड्यांची रजा, रोज पहाटेची चिखलातली पायपीट, भिजलेले सदरे आणि लेन्सवर धरलेली छत्री, या सगळ्यातून माझ्या कॅमेऱ्यानं त्या पक्ष्याच्या आयुष्यातला एकच सेकंद पाहिला होता.

आणि तो पक्षी? सुगरणीच्या नराला एक खोपा पुरा करायला साधारण १८ दिवस लागतात. आपल्याकडे जुलैतला दिवस १३ तासांचा धरला तर हे २३४ तास झाले, म्हणजे ८,४२,४०० सेकंद. त्यातला एक माझ्याकडे आहे. तेव्हापासून या पक्ष्याकडे पाहताना आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत, आणि जितकं मोजावं तितका तो मला मोठा दिसत जातो.

आमचं गाव कऱ्हाडच्या बाजूला, कृष्णेच्या पट्ट्यात. मळ्यात जुनी दगडी विहीर आहे आणि तिच्यावर ओणवी झालेली एक बाभूळ. बाभळीच्या ज्या फांद्या पाण्यावर गेल्यात, नेमक्या त्यांच्याच टोकांना खोपे लोंबतात. खाली पाणी, वर काटे. सापाला आणि मांजराला वाट अवघड. सगळे खोपे बाभळीच्या पूर्वेच्या अंगाला आहेत. पाऊस येतो पश्चिमेकडून, वारं तिकडूनच, म्हणून झाडाचा सगळा भार पाठीशी घेऊन ते बांधलेले. मी पहिल्या दिवशी उजेडाचा विचार करून पश्चिमेला बसलो होतो. दिवसभरात हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीला वळसा घालून पूर्वेला गेलो आणि थारोळ्याच्या दगडाला टेकून बसलो, तेव्हा समोर सगळी वसाहत उघडी झाली.

मळा तात्यांचा. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, वय सत्तरीच्या पुढं. ते सकाळी मोटर चालू करायला येत आणि माझ्याजवळ घटकाभर टेकत.

"काय मोजतोयस रं?"

"फेऱ्या, तात्या. हा नर किती वेळा उसात जाऊन येतो ते."

"मग लवकर उठत जा. तू यायच्या आधी त्याची निम्मी न्याहारी झालेली असती."

दुसऱ्या दिवसापासून मी तांबडं फुटायच्या आत विहिरीवर असायचो.

फेऱ्यांचा आकडा पक्षी-अभ्यासकांनी मोजून ठेवला आहे. एका खोप्यासाठी नर ५०० पर्यंत फेऱ्या करतो. दर फेरीला पानाची एक पट्टी, २० ते ६० सेंटिमीटर लांबीची. मधली ४० सेंटिमीटर धरली आणि दर फेरीला एकच पट्टी धरली, तर एका खोप्यात २०० मीटर पट्टी विणली जाते. पक्ष्याची स्वतःची लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत १५ सेंटिमीटर, वजन २५ ग्रॅमच्या आसपास. किराणा दुकानाच्या तराजूत एका पारड्यात किलोचं माप ठेवलं तर दुसऱ्या पारड्यात ४० सुगरणी लागतील. आपल्या अंगाच्या चौपट लांबीची पट्टी घेऊन हा जीव वाऱ्यात उडतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसानं जवळजवळ सात मीटरची ओली पट्टी दातांत धरून पळावं, तसं ते आहे. आणि त्या माणसानं त्याच प्रमाणात घर विणायचं ठरवलं, तर त्याला सव्वादोन किलोमीटर दोर लागेल. हातांना सुट्टी, सगळं काम तोंडानं.

आमच्या विहिरीपासून उसाची जवळची कड १०० मीटरवर आहे. जाऊन-येऊन २००. पाचशे फेऱ्यांचे १०० किलोमीटर. नर एका खोप्यावर थांबत नाही हे पुढं येईलच; त्यानं तीन पुरे केले तर ३०० किलोमीटर. वसाहतीत २०-३० खोपे सहज असतात. २५ धरा: एका बाभळीसाठी १२,५०० फेऱ्या, २,५०० किलोमीटर उड्डाण. कऱ्हाडहून दिल्ली गाठून निम्मी वाट परत यावं एवढं अंतर, आणि ते सगळं तात्यांच्या बांधाच्या आतल्या आत.

पट्टी काढतात कशी, ते पाहायला मी दोन सकाळी उसाच्या कडेलाच बसलो. नर पानाच्या कडेवर येऊन बसतो. त्याचं डोकं त्या दिवसांत हळदीसारखं पिवळं, गाल आणि गळा गर्द तपकिरी, चोच काळी. हा साज फक्त विणीच्या हंगामापुरता. पावसाळा सरला की तो उतरतो आणि नर-मादी दोघंही चिमणीसारखी दिसायला लागतात. तर तो बसतो, मान तिरकी करतो आणि पानाच्या कडेला, बुडाकडे, चोचीनं एक खाच पाडतो. खाचेच्या वरची कड चोचीत धरतो. मग उडतो. इथंच सगळी गंमत आहे. तो ओढत बसत नाही. झेप घेतो, आणि त्याच्या उडण्याच्या जोरानं पानाच्या शिरेला धरून एक सरळ, अरुंद पट्टी टरकत जाते. टर्र असा बारीक आवाज मला दहा पावलांवर ऐकू आला. पट्टी सुटते तेव्हा तो आधीच हवेत असतो, तोंड बाभळीकडे. कापणं आणि निघणं ही दोन कामं नाहीत. माझ्या दोन हजारांतले फक्त तीन फोटो त्या क्षणाचे आहेत: पट्टी अजून पानाला अर्धी धरून आहे, तिला बाक आलाय आणि पंख पूर्ण पसरलेत.

आता नावाबद्दल. आपण म्हणतो सुगरण. शब्द बाईमाणसाचा, घर राखणाऱ्या हातांचा. बहिणाबाई चौधरींनी हा खोपा कवितेत आणला आणि तो शाळेच्या पुस्तकातून घरोघर गेला. विणणारा मात्र नर असतो. मादी आतलं अस्तर नीट करते, पण दोर, गाठ, भिंत, नळी हे बहुतेक सगळं त्याचं. हे ठाऊक झालं म्हणून मला नाव बदलावंसं वाटत नाही. ज्याच्या हाताला गुण आहे तो सुगरण. मग तो कोणी का असेना.

नर-मादीतल्या या कामाच्या वाटणीचं गणित पहिल्यांदा नीट उलगडलं ते महाराष्ट्रातच, अलिबागजवळच्या किहीमला. १९३० साली पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनीहून शिकून परत आले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशांअभावी राहिली नव्हती. ते पत्नी तहमिना यांच्यासह किहीमच्या घरी राहायला गेले. जवळच सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसलेल्या माणसाकडे वेळ होता, तो त्यांनी या पक्ष्याला दिला. १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि त्यातून कळलं की नर खोपा अर्धाच बांधतो. मादी येते, पाहते, पसंत पडला तर ताबा घेते. मग तो उरलेला भाग पुरा करतो आणि लगेच पुढचा अर्धा खोपा दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो. एकाच हंगामात एका नराची अशी दोन-तीन घरं. पुढं त्यांचेच विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर यांनी सुगरणींच्या विणीवर प्रबंध लिहिला. हाती काम नसलेल्या माणसाच्या एका पावसाळ्यातून एवढं निघालं, हे मला विहिरीवर बसल्या बसल्या फार धीर द्यायचं.

अर्धा खोपा म्हणजे काय, हे समोर पाहिल्याशिवाय कळत नाही. आधी फांदीच्या टोकाला गुंडाळी, मग तिच्याखाली एक उभी कडी, त्या कडीवर पाय रोवून नर चारी बाजूंनी विणत जातो. आठेक दिवसांत तो उलट्या टोपासारखा दिसायला लागतो, मधे आडवी दांडी. आमच्याकडची पोरं त्याला झोपाळा म्हणतात. याच्यापुढं नर एक पट्टीही विणत नाही. माद्या येण्याची वाट पाहतो. माद्या आल्या की सगळे नर एकदम खोप्यांना उलटे लटकून पंख फडफडवतात आणि चिवचिवाटानं विहीर घुमते. मादी येऊन दांडीवर बसते. इकडची पट्टी ओढून बघते, तिकडची चावून बघते. मग निघून जाते. एका नराकडे मी चार वेळा हे होताना पाहिलं. चार वेळा तो लटकून फडफडला, चार वेळा ती क्षणभर बसून उडाली. आठ दिवसांचं काम, सुमारे १०४ तासांचं, आणि निकाल पाच-दहा सेकंदांत. पाचव्या वेळी दुसरी एक मादी आली आणि उठलीच नाही. दुपारपर्यंत नर नळी विणायला लागला होता.

विणकाम हा शब्द इथं अलंकार म्हणून नाही. अमेरिकेतल्या निकोलस आणि एल्सी कोलियास या दांपत्यानं १९६०च्या दशकात आफ्रिकेतल्या व्हिलेज वीव्हर या सुगरणीच्याच कुळातल्या पक्ष्याच्या घरट्यांचा टाका न् टाका तपासला. त्यात फासे होते, अर्ध्या गाठी होत्या, सरकगाठी होत्या, वळसे होते, साधी उभी-आडवी वीण होती. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली: कोवळ्या नरांना हिरवं साहित्य मिळालं नाही तर पुढं त्यांना नीट विणता येत नाही, सराव मिळाला की हात बसत जातो. म्हणजे ओढ जन्माची, कसब कमावलेलं. आमच्या बाभळीवरही एका बाजूला दोन-तीन ओबडधोबड, सैल खोपे होते, ज्यांच्याकडे एकही मादी फिरकली नाही.

अकराव्या रात्री वारं सुटलं. सकाळी येऊन पाहतो तर एक जाड फांदी विहिरीत, आणि तिच्यासोबत तीन खोपे पाण्यावर तरंगत होते. दोन टोपाच्या अवस्थेतले, एक जवळजवळ पुरा. मनातल्या मनात मी पट्ट्यांचे मीटर मोजले आणि पुढं मोजवेना. तात्या काठावर उभे राहून बघत होते. "बांधतील की," एवढंच म्हणाले. सात वाजता त्यातला एक नर शेजारच्या फांदीवर पहिली गुंडाळी घालत होता. त्याचा फोटो मी घेतला नाही. हात कॅमेऱ्याकडे गेलाच नाही.

पुरा झालेल्या खोप्यात मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते. १४ ते १७ दिवस उबवते, पिल्लं आणखी १७ दिवसांनी बाहेर पडतात. हे बहुतेक सगळं तिच्यावर. पिल्लांना ती किडे चारते, आणि तात्या म्हणतात त्या हिशेबानं ज्वारीचे दोन पसे गेले तरी अळ्यांचं पायलीभर नुकसान वाचतं.

ज्वारीचा विषय निघाला की मला आफ्रिका आठवते. याच सुगरणींच्या कुळात, वीव्हर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्यांत, सव्वाशेच्या आसपास जाती आहेत, आणि त्यातली बहुसंख्य आफ्रिकेत. तिथली लाल चोचीची क्वेलिया ही जगातली सर्वांत संख्येनं मोठी रानपक्ष्याची जात मानली जाते. विणीनंतरचा अंदाज १५० कोटी. भारतातल्या दर माणसामागे एक पक्षी धरा, तरी थोडे उरतील. एकेकाचं वजन २० ग्रॅमच्या आसपास; सगळ्यांचं मिळून ३०,००० टन. एक क्वेलिया दिवसाला १० ग्रॅमपर्यंत दाणे खाते. वीस लाखांचा थवा एका दिवसात २० टन धान्य फस्त करतो. क्विंटलमध्ये सांगायचं तर २००, म्हणजे शंभर किलोची २०० पोती, एका सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. आणि वीस लाख हा क्वेलियाच्या हिशेबात मोठा थवा नव्हे. ज्या शेतकऱ्यानं बाजरी-ज्वारी पेरली त्याच्या डोक्यावरून हा ढग येताना काय होत असेल, ते आपल्याकडे माळ्यावर बसून गोफण फिरवलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. तिथली सरकारं दरवर्षी विष फवारून कोट्यवधी पक्षी मारतात. थवे तरीही येतात.

त्याच खंडाच्या दक्षिणेला, कलहारीच्या रखरखाटात, सोशेबल वीव्हर राहतो. हा विणत नाही. गवताच्या काड्या एकमेकींत खुपसत जातो. पण एकटा नाही. शंभरावर जोड्या मिळून एका काटेरी बाभळीवर एकच छप्पर उभारतात, आणि त्याच्या खालच्या अंगाला प्रत्येक जोडीची आपली खोली असते. वाडाच म्हणायचा. असा वाडा एक टन वजनाचा होऊ शकतो. शंभर जोड्या म्हणजे २०० पक्षी, ३० ग्रॅमच्या हिशेबानं सगळे मिळून सहा किलो. सहा किलोच्या रहिवाशांनी काडी काडी करून उचललेलं हजार किलोंचं घर. काही वाडे शंभर वर्षांहून जास्त काळ वसलेले आहेत. ज्यांनी पहिली काडी ठेवली त्यांच्या किती पिढ्या तिथं नांदल्या असतील! पावसात गवत भिजून जड झालं की कधीकधी वाड्यासकट झाडच मोडतं.

१५० कोटींचा आकडा ऐकून सुगरणीच्या कुळाची काळजी नको असं वाटेल. म्हणून एक लहान आकडाही सांगतो. भारतात सुगरणीच्या चार जाती. त्यातली पिवळीधमक फिन्स वीव्हर तराईच्या ओल्या गवताळ प्रदेशात आणि आसामच्या बाजूला राहते. १८६९ साली अ‍ॅलन ह्यूम यांनी ती शास्त्राला ओळखीची करून दिली, नैनितालच्या पायथ्याच्या कालाढुंगीहून मिळालेल्या नमुन्यावरून. आज जगभरात मिळून ती हजाराच्या आत आहे. २०२१ साली तिला धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत वर चढवलं गेलं. गवताळ रानं नांगरली गेली, काटेसावरीची उंच झाडं गेली, अंडी कावळ्यांच्या तोंडी गेली. दर एका फिन्स वीव्हरमागे पंधरा लाख क्वेलिया, आणि दोघी एकाच कुळातल्या. क्वेलियाचा आकडा मी विसरू शकतो. हा हजार मला विसरता येत नाही, कारण हजारापर्यंत माणूस स्वतः मोजू शकतो. एका दुपारी, विहिरीवर बसून, न थकता.

दिवाळीत पुन्हा गावी गेलो. बाभळीवर शुकशुकाट. सोडलेल्या दोन खोप्यांत मुनिया रात्रीला मुक्कामी येत होत्या, म्हणून झाडाला हात लावायचा प्रश्न नव्हता. पण एक खोपा वाऱ्यानं पडून थारोळ्यापाशी आला होता. तात्यांनी तो माझ्यासाठी गोठ्यात टांगून ठेवला होता. हिरवा रंग जाऊन ताडपत्रासारखा झालेला, वजन असं काही लागतच नव्हतं. आतल्या भिंतीला, बांधताना लावलेल्या चिखलाचे वाळलेले गोळे जसेच्या तसे.

माझ्या मनात होतं, एकदा खऱ्या पट्ट्या मोजाव्यात. अंदाज नको, गुणाकार नको. घरी ओसरीवर पांढरं धोतर अंथरलं, शेजारी मोजपट्टी आणि वही ठेवली. आई गोधडीची सुई घेऊन मदतीला बसली. तिचे टाके आमच्या भावकीत आजही नावाजतात. नळीच्या तोंडाशी एका पट्टीचं टोक दिसत होतं. सुईच्या नाकानं तिनं ते अलगद उचललं. पट्टी दोन टाके सुटली आणि दुसऱ्या पट्टीखाली गेली. ती उचलली तर तिसरी आली. तिसरीच्या पोटातून पहिलीच पुन्हा वर आली, उलट्या दिशेनं. आईनं चष्मा लावला. अर्धा तास गेला. पट्टी सुटली तेव्हा मोजली: एकेचाळीस सेंटिमीटर.

वहीत मी '१' लिहिलं.

आई खोपा हातात फिरवून बघत होती. जिथून पट्टी निघाली तिथं भोक पडलं नव्हतं. बाकीच्या पट्ट्या सरकून तिथं आल्या होत्या. तिनं बोटानं ती जागा दाबून पाहिली. मग सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि खोपा माझ्याकडे दिला.

"राहू दे," ती म्हणाली. "नको उसवूस."